अडीचची वायर कुठे अडीचची असते?

मुंबईत कुठे आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे. चौकशी बहुधा या वाक्यापाशी थांबते, खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी. शॉर्ट सर्किट म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडणं. तसं झालं की शेकडो अँपिअरचा लोंढा वाहतो आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, धड असेल तर डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. शिवाय दोन तारा भिडतात त्या मधलं आवरण आधीच गेलेलं असतं म्हणून, आणि आवरण काही एका दिवसात जात नाही. वर्षानुवर्षं तापून ते कडक होतं, तडकतं, कधी टर्मिनलजवळ काळं पडून गळून जातं. म्हणजे शॉर्ट सर्किट ही पुष्कळदा शेवटची पायरी असते. आधीच्या पायऱ्यांमध्ये दोन मुख्य : भाराच्या मानाने वायर बारीक असणं आणि जोड ढिला असणं. यातली पहिली पायरी पूर्णपणे आपल्या हातातली आहे, आणि उपनगरातल्या घराघरांत तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. त्याचं कारण अज्ञान नाही. 'दिव्याला दीडची, गिझरला अडीचची, एसीला चारची' हे चौरस मिलिमीटरमधलं कोष्टक वायरमनपासून घरमालकापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. अडचण अशी की हे आकडे एका ठरावीक परिस्थितीतच खरे असतात, आणि अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमधली भिंत ती परिस्थिती क्वचितच देते. वायर निवडताना ती कुठून जाणार, तिच्या सोबत कोण आहे, ती किती लांब आहे आणि तिच्या डोक्यावर कितीचा एमसीबी बसला आहे, हे विचारल्याशिवाय नुसत्या 'अडीच' या आकड्याला अर्थ नाही.

हा प्रश्न उपनगरांत अधिक टोकदार का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. आजच्या पश्चिम रेल्वेवर बोरिवलीपर्यंत विजेची लोकल १९२८ च्या जानेवारीत धावली आणि पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. जुनी माणसं आजही विजेच्या बिलाला 'बीएसईएसचं बिल' म्हणतात. ती कंपनी पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला आज अदानी किंवा टाटांची वीज येते, मुलुंड-भांडुपला महावितरणची. कंपनी कोणतीही असो, तिची जबाबदारी मीटरपाशी संपते. मीटरनंतरची प्रत्येक वायर ग्राहकाची. आणि ही वायर बऱ्याच सोसायट्यांमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकांतली आहे. त्या काळी वन रूम किचनचा भार किती धरला जाई? चाळीस वॅटच्या चार ट्यूब, तीन पंखे, एक फ्रिज, एक टीव्ही, साडेसातशे वॅटची इस्त्री. सगळं एकदम लावलं तरी दीड हजार वॅटच्या आत, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. स्वयंपाकघरात एखादा 'पंधरा अँपिअरचा' पॉइंट दिला की चैन समजली जाई. तांबं महाग आणि बरंचसं आयात केलेलं, म्हणून कितीतरी इमारतींमध्ये ॲल्युमिनियमच्या वायरी घातल्या गेल्या. ॲल्युमिनियम वाहकतेत तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, स्क्रूखाली ते हळूहळू दबतं आणि जोड सैल होतो.

आता त्याच घरात आज काय आहे ते बघा. हॉलमध्ये दीड टनाचा एसी, साधारण साडेसात अँपिअर. बेडरूममध्ये एक टनाचा, पाच. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर, तेरा. दोन किलोवॅटची इंडक्शन शेगडी, पावणेनऊच्या आसपास. पाणी तापवणारं वॉशिंग मशीन, तेवढंच. मायक्रोवेव्ह, पाच. बेरीज अठ्ठेचाळीस अँपिअरच्या घरात जाते. हे सगळं एका वेळी चालत नाही, हे मान्य. पण मे महिन्यात सकाळी साडेसातला गिझर, शेगडी आणि बेडरूमचा एसी एकत्र चालणं अगदी रोजचं, आणि तेवढ्यानेच सव्वीस-सत्तावीस अँपिअर होतात. म्हणजे घर मूळ हिशोबाच्या चौपट वीज मागतं. मधल्या काळात टाइल्स दोनदा बदलल्या, फॉल्स सीलिंग आलं, मॉड्युलर किचन आलं, पण भिंतीच्या पाइपातली वायर बहुतेक वेळा तीच राहिली, कारण ती दिसत नाही आणि तिच्यासाठी भिंत फोडावी लागते. नवी उपकरणं जुन्याच पॉइंटवरून लूप मारून जोडली गेली.

वायरीच्या मापाचा इतिहासही या गोंधळात भर घालतो. जुने वायरमन अजून 'तीन वीस', 'सात वीस', 'एक अठरा' बोलतात. पहिला आकडा तारांचा, दुसरा ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेजचा. त्या गेजमध्ये आकडा वाढला की तार बारीक होते, कारण तार जितक्या वेळा साच्यातून ओढावी तितका तिचा क्रमांक वर जाई. तीन वीस म्हणजे वीस गेजच्या तीन तारा, आजच्या हिशोबात सुमारे दोन चौरस मिलिमीटर. सात वीस म्हणजे साडेचारच्या थोडं वर. तीन बावीस आणि एक अठरा दोन्ही सव्वाच्या आसपास. म्हणजे जुन्या घरात 'तीन वीसची पॉवर लाइन आहे' असं कोणी सांगितलं तर ती आजच्या अडीचच्याही खाली आहे, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. त्यात आता मोबाइलवरच्या अमेरिकन व्हिडिओंची भर पडली आहे. तिथे 'बारा गेज, वीस अँपिअर' असं सांगतात, पण त्यांचं बारा गेज सव्वातीन चौरस मिलिमीटरचं आणि ब्रिटिश बारा गेज जवळजवळ साडेपाचचं. शिवाय त्यांचं घरगुती व्होल्टेज १२० असल्याने तेवढ्याच वॅटला प्रवाह आपल्या जवळजवळ दुप्पट. न्यू जर्सीतल्या भाच्याने पाठवलेला तक्ता मुलुंडच्या भिंतीला लावू नये, एवढं पुरे.

आपल्याकडे आता सगळं चौरस मिलिमीटरमध्ये आहे : पाऊण, एक, दीड, अडीच, चार, सहा, दहा. पण हा आकडा फूटपट्टीने मोजलेला नसतो. भारतीय मानकात वायरीची परीक्षा तिच्या रोधावर होते. लवचीक अडीचच्या वायरीचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ७.९८ ओहमपेक्षा जास्त असता कामा नये, दीडचा १३.३, चारचा ४.९५. हा रोधच सगळ्या उष्णतेचं मूळ. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, प्रवाहाच्या वर्गाने ती वाढते. म्हणून 'थोडंसंच जास्त चाललंय' हे समाधान फसवं असतं. पन्नास टक्के जादा प्रवाह म्हणजे सव्वादोनपट उष्णता.

वायर किती अँपिअर वाहू शकते याचं उत्तर तांबं देत नाही, त्यावरचं पीव्हीसीचं आवरण देतं. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश. तांबं त्यापलीकडे सहज जाईल, आवरण म्हातारं होईल. दर आठ-दहा अंश वाढीमागे आवरणाचं आयुष्य निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. आता आंतरराष्ट्रीय मानकातली कोष्टकं बघा. भिंतीवरच्या पाइपातून एकट्या सर्किटची अडीचची वायर गेली आणि भोवतालचं तापमान ३० अंश असेल, तर तिला २४ अँपिअर मान्य आहेत. दीडला साडेसतरा, चारला ३२, सहाला ४१. हे 'जर' सगळ्यात महत्त्वाचे. भोवताल ४० अंश असला की या आकड्याला ०.८७ ने गुणायचं. मुंबईत एवढं तापतंच कुठे, असं कोणी म्हणेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत चाळिशी क्वचित गाठली जाते, हे खरंच. पण वायर वेधशाळेत नसते. ती पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या भिंतीत असते, गच्चीखालच्या स्लॅबमध्ये असते, फॉल्स सीलिंगच्या वर कोंडलेल्या हवेत असते. तिथे चाळीस अंश धरणं हा सावधपणा नाही, साधा हिशोब आहे. मग अडीचची वायर २४ वरून २१ अँपिअरवर आली. एकाच पाइपातून तीन सर्किटं गेली आणि तिन्हींवर पूर्ण भार असला, तर आणखी ०.७० ने गुणायचं. उरले साडेचौदा अँपिअर. दुकानदार ज्या वायरीला 'वीस अँपिअरची' म्हणून हातात देतो, तिची या भिंतीतली खरी कुवत ही आहे. चारची वायरही याच न्यायाने साडेएकोणीसवर येते, आणि दीडची साडेदहावर.

इथे एक सर्किट जवळून पाहू, कारण असं सर्किट हजारो घरांत आहे. स्वयंपाकघराच्या पॉवर पॉइंटला अडीचची वायर, वर वीसचा एमसीबी. त्या पॉइंटवर गिझर होता. मग ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आलं आणि गिझरच्या बोर्डातून लूप मारून त्यालाही वीज दिली गेली. रविवारी सकाळी एक जण आंघोळीला आणि मशीन पाणी तापवायच्या टप्प्यात : तेरा आणि पावणेनऊ मिळून पावणेबावीस अँपिअर. वीसचा एमसीबी पडेल असं वाटतं ना? नाही पडत. एमसीबीच्या मानकानुसार त्याने आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी पडायचं नाही, आणि १.४५ पटीला तासाभरात पडायचं. वीसचा १.१३ पट म्हणजे २२.६. पावणेबावीस अँपिअर त्याच्या खालीच राहतात, म्हणून तो बसूनच राहतो. त्या वेळी अडीचच्या वायरीत मीटरमागे पावणेचार वॅट उष्णता तयार होते, फेज आणि न्यूट्रल मिळून साडेसात. डीबीपासून (घरातल्या वितरण पेटीपासून) दहा मीटर लांबीत पंचाहत्तर वॅट, म्हणजे घरातला छताचा पंखा खातो तितकी वीज, नुसती प्लॅस्टर तापवण्यात जाते. त्याच पाइपात दोन्ही एसींच्या लाइनीही भरलेल्या असतील, तर वायर आपल्या खऱ्या कुवतीच्या दुपटीहून जास्त उष्णता सोसत असते. काहीच जळत नाही, काहीच पडत नाही, वास येत नाही. फक्त आवरणाचं वय रोज थोडं जास्त वाढतं.

यावर एक दिवस एसी, मशीन, इंडक्शन असं काहीतरी जुळून येतं आणि एमसीबी पडतो. इथे जो उपाय केला जातो तो या सगळ्या विषयातला सर्वांत धोकादायक प्रकार आहे : 'वीसचा काढून बत्तीसचा टाका.' काम दहा मिनिटांचं, खर्च दोन-तीनशे रुपये, आणि तक्रार कायमची बंद. एमसीबी उपकरणाला सांभाळायला बसवलेला नसतो, तो भिंतीतल्या वायरीला सांभाळायला असतो. बत्तीसचा एमसीबी ३६ अँपिअरपर्यंत निवांत बसून राहील. ४० अंश भोवतालात २१ अँपिअरला ७० अंशांवर पोहोचणारी अडीचची वायर ३६ अँपिअरला तिप्पट तापेल. तीस अंशांची वाढ नव्वदची होईल, म्हणजे ढोबळ हिशोबाने १३० अंश. पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी मऊ होतं. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तार वितळली की वायरीचे दोन-चार पेड पिळून घालायची सवय होती, बत्तीसचा एमसीबी ही त्याच सवयीची नवी, चकचकीत आवृत्ती. योग्य क्रम नेमका उलटा आहे. आधी सर्किटवरचा भार ठरवायचा. एमसीबीचा आकडा भारापेक्षा कमी नको. वायरीची त्या जागेतली कुवत एमसीबीच्या आकड्यापेक्षा कमी नको. या दोन वाक्यांपुढे बाकी सारं तपशील आहे.

याला कामावरची माणसं जो पहिला आक्षेप घेतात तो ऐकून घेण्यासारखा आहे. ते म्हणतात, आम्ही तीस वर्षं गिझरला अडीचची आणि एसीला चारचीच टाकतो, कुठे काय झालंय? या म्हणण्यात तथ्य आहे. ते कोष्टक मूर्खपणाचं नाही. एका पाइपात एकच सर्किट, वर सोळाचा एमसीबी आणि टोकाला एकच उपकरण असेल, तर अडीचची वायर गिझरचे तेरा अँपिअर आयुष्यभर वाहील. कोष्टक बिघडतं ते लूप मारल्यावर, पाइप भरल्यावर आणि एमसीबी बदलल्यावर, आणि या तिन्ही गोष्टी वायर टाकणारा निघून गेल्यावर होतात. 'काही झालं नाही' हा पुरावा म्हणूनही कच्चाच. ऐंशी सालच्या वायरीवर आजचा भार आला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत. आवरण म्हातारं व्हायला तेवढी वर्षं लागतातच.

दुसरा आक्षेप अगदी विरुद्ध बाजूने येतो : मग सगळीकडे चारचीच टाका, विषय संपला. घरमालकाला हे पटतं, कारण जास्त पैसे टाकले की निश्चिंत होता येतं असं वाटतं. पण सहा अँपिअरच्या सॉकेटच्या टर्मिनलमध्ये चारच्या वायरीचा लूप, म्हणजे दोन टोकं, नीट बसत नाहीत. मग वायरमन काही पेड कापून टाकतो आणि उरलेले दाबून बसवतो. झालं, चारची वायर टोकाशी अडीचची झाली, तीही ढिली. पाऊण इंची पाइपात जाड वायरी कोंबल्या की ओढताना आवरण सोलतं आणि हवा खेळायला जागा राहत नाही. दिव्या-पंख्याच्या सर्किटसाठी दीडची पुरते. एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या आत असावा, हा आपल्याकडचा जुना दंडक पाळला तर तिथे साडेतीन अँपिअरच्या वर काही जात नाही. जाडी हवी तिथे हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॉवरच्या प्रत्येक मोठ्या उपकरणाला डीबीपासून स्वतःची लाइन हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम आहे आणि तो टाळून चालणार नाही : आग वायरीच्या मधोमध लागत नाही, जोडापाशी लागते, मग जाडीचा एवढा ऊहापोह कशाला? याचं आपल्या देशातलं सर्वांत भयंकर उदाहरण दिल्लीचं आहे. १३ जून १९९७ ला उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली. त्या दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती झाली होती आणि केबलच्या टोकाची लग क्रिम्पिंग मशीनऐवजी डाय आणि हातोडीने ठोकून बसवली होती. जोड सैल राहिला, ठिणग्या उडाल्या, केबल सुटली आणि पुढचं घडलं. केबलच्या जाडीचा तिथे प्रश्नच नव्हता. तेव्हा आक्षेप खरा आहे : ढिला जोड एमसीबीला कळत नाही, कारण प्रवाह नेहमीचाच असतो, फक्त टोकाला मणभर उष्णता साठते. पण ढिला जोड आणि बारीक वायर हे दोन वेगळे शत्रू नाहीत. वायर रोज तापते आणि रोज निवते, त्यातून तांबं फुगतं-आकसतं आणि स्क्रू सैल होतो. ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका. मुंबईची दमट, खारट हवा टोकांना हिरवा थर धरवते. कमी भरलेली वायर जोडाला कमी छळते. म्हणून जाडीचा हिशोब जोडाच्या हिशोबातच धरावा, आणि वायरमनकडून जोड पाइपात न करता बोर्डातच करून घ्यावा, लग किंवा कनेक्टर वापरून. नुसती टेप गुंडाळलेला पीळ हा जोड नव्हे.

चौथा आक्षेप पैशाचा. डीबीपासून एसीपर्यंत पंधरा मीटर अंतर धरू. फेज आणि न्यूट्रल मिळून तीस मीटर वायर. अडीचऐवजी चारची टाकली तर तांबं जास्त लागतं सुमारे चारशे ग्रॅम. तांब्याचा भाव किलोला हजार रुपये धरला तरी फरक चारशे रुपयांचा, दुकानातला फरक थोडा अधिक. एसीच्या पहिल्या सर्व्हिसिंगपेक्षा कमी. भिंत फोडण्याचा खर्च मात्र दोन्ही वायरींना सारखाच. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर लाइट पॉइंटची संख्या कमी करावी, तांबं कमी करू नये.

खरेदीतली फसवणूक मात्र खरी आहे आणि ती पकडता येते. लोहार चाळीच्या बाजारातून आणा की गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडून, वायरीवर आयएसआय खूण आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक मीटरामीटराला छापलेला हवा. २००३ च्या सरकारी आदेशापासून ही खूण सक्तीची आहे. खूण छापणं सोपं, तांबं घालणं अवघड. म्हणून टोक सोलून पेड मोजा. चांगल्या कंपन्यांच्या दीडच्या वायरीत ०.३ मिलिमीटरचे बावीस, अडीचमध्ये छत्तीस, चारमध्ये छप्पन पेड सामान्यतः असतात. नंतर एक पेड ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तिसरी परीक्षा वजनाच्या काट्याची. नव्वद मीटरच्या अडीचच्या बंडलात नुसतं तांबंच दोन किलोच्या आसपास असतं, दीडच्या बंडलात सव्वा किलोच्या जवळपास. आवरणासकट अख्खं बंडल त्याहून हलकं भरलं तर दुकानदाराशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, उठा आणि निघा. आणि एफआर किंवा एफआरएलएस या अक्षरांनी हुरळून जाऊ नका. एफआर वायर आग लवकर पसरवत नाही आणि एफआरएलएसचा धूरही कमी असतो, हे चांगलंच. पण तिची प्रवाह वाहण्याची कुवत त्याने एका अँपिअरनेही वाढत नाही. वायर बारीक निवडली तर एफआरही तापतेच.

लांबीचा विषय फ्लॅटमध्ये फारसा येत नाही, पण पार्किंगमध्ये येतो आणि पुढच्या काही वर्षांत सोसायट्यांची भांडणं त्याच्यावरूनच होतील. विजेवरच्या मोटारीचा घरगुती चार्जर ३२ अँपिअर मागतो, तोही गिझरसारखा दहा मिनिटं नाही, सलग सहा-सात तास. मीटर रूमपासून पार्किंग चाळीस मीटरवर असेल, तर सहाच्या केबलमध्ये साडेआठ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि रात्रभर पावणेतीनशे वॅट केबल तापवण्यात जातात. दहाची टाकली तर हे जवळजवळ निम्म्यावर येतं. आणि ही केबल जाते कुठून? ज्या तळमजल्यावर स्कूटर, जुनं फर्निचर, कपड्यांची गाठोडी ठेवलेली असतात तिथून. गोरेगावच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे लागलेली आग तळमजल्याच्या पार्किंगमध्येच भडकली आणि धूर जिन्याने वर चढला. किमान सात जणांचा बळी गेला. मीटर रूम आणि डक्ट मोकळे ठेवणं हा वायरीच्या जाडीइतकाच सुरक्षेचा भाग आहे. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन सोडून स्कूटर चार्ज करणाऱ्यांशी मात्र जाडीवर बोलण्यात अर्थ नाही. सात-आठशे वॅटला ती पाऊणची वायर पुरते, पावसात उघडा पडलेला सॉकेट मात्र कोणाचाही जीव घेईल.

त्यावरूनच एक खुलासा, कारण याबाबत सुशिक्षितांचाही घोळ होतो. आरसीसीबी बसवला म्हणजे सगळं सुरक्षित झालं, असं नाही. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाला लागणाऱ्या शॉकवर आणि गळतीवर नजर ठेवतो आणि तो प्रत्येक घरात हवाच. पण फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरा परत येत असेल तर वायर लाल होईस्तोवर तो स्वस्थ बसेल, कारण त्याच्या हिशोबात काही गळलेलं नाही. ते काम एमसीबीचं. आणि अर्थिंगची वायर नसेल तर दोघेही अर्धे लंगडे. घरात वापरतात त्या जाडीच्या वायरींना अर्थची वायर फेजइतकीच जाड असावी, ती वाचवण्याची जागा नव्हे.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. सोसायट्या ते करतात, निदान नोटीस आल्यावर करतात. अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. मात्र फ्लॅटच्या आत, मीटर आणि सॉकेट यांच्यामधल्या तांब्याकडे सर्वसाधारण सभेत कोणी बोट दाखवत नाही, कारण ते प्रत्येकाचं खासगी समजलं जातं. आग मात्र खासगी राहत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बत्तीसच्या एमसीबीचा धूर सातव्या मजल्यावरच्या आजीच्या खोलीत जातो. म्हणून इंटिरिअरच्या कामाला 'ना हरकत' देताना सोसायटीने दोन कागद मागावेत असं मला ठामपणे वाटतं : परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, आणि कोणत्या एमसीबीखाली कितीची वायर व कोणतं उपकरण आहे याची एक पानी नोंद. भार वाढवण्यासाठी वीज कंपनीकडे गेलं तरी टेस्ट रिपोर्ट द्यावाच लागतो, तेव्हा हे जगावेगळं मागणं नाही. वायरमन 'ओळखीचा' असणं चांगलं, पण परवाना त्याहून चांगला.

दिवाळीचे कंदील आणि तोरणं लागायच्या आधी एवढं करा. वीज बिलावरचा मंजूर भार वाचा. डीबीचं झाकण न उघडताच प्रत्येक एमसीबीवर छापलेला आकडा दिसतो, तो लिहून घ्या. कुठे बत्तीस दिसला आणि त्याच्याखाली सहाची वायर असल्याची खात्री नसेल, तर परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्याला वायर बघून एमसीबी लावायला सांगा. नवा एसी घ्यायचा विचार असेल, तर तो दुकानातून घरी येण्याआधी.